आधी क्लिप, मग गोंद

दाराचं पॅड सुटलंय, छताचं कापड लोंबतंय, रबर निघून आलंय... गाडीच्या आतल्या अशा बारीकसारीक दुरुस्त्या घरच्या घरी होऊ शकतात. फक्त कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचं, एवढं ठाऊक हवं.

कुकरमधून वाफ जायला लागली, की आपण काय करतो? झाकण उलटं करून बघतो, रबर सैल झालंय का ते चाचपतो आणि बाजारातून नवं आणून बसवतो. मिक्सरचा कपलर, नळाचा वायसर, शिलाई मशीनचा पट्टा, या सगळ्यांची नाडी आपल्याला बरोबर सापडते. पण अंगणातल्या गाडीच्या दाराचं पॅड जरासं सुटलं, की मात्र आपला हात मागे येतो. ‘गाडीचं काम ते, आपल्याला कुठलं जमायला!’ असं म्हणून आपण गप्प बसतो आणि ते पॅड रोज दार लावताना आणखी थोडं सुटत जातं.

खरं तर आता तालुक्याच्या गावातही गाडी चालवणारी बाई ही नवलाई राहिलेली नाही. शाळेवर जाणाऱ्या बाई, दवाखान्यातली सिस्टर, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणारी सून, सगळ्या सफाईने गाडी चालवतात. गाडी चालवणं आपलंसं झालं, गाडी उघडून बघणं अजून व्हायचंय. गॅरेजमध्ये जावं तर मेकॅनिक म्हणतो, “वहिनी, काम किरकोळ आहे, पण गाडी दिवसभर ठेवावी लागेल.” त्याच्याकडे इंजिनच्या कामाची रांग असते, त्याचंही चूक नाही. मग घरातलं कुणीतरी फेविक्विकचे दोन थेंब टाकून ते तेवढ्यापुरतं चिकटवतं. आठवडाभरात ते पुन्हा सुटतं, वर प्लॅस्टिकवर पांढरा डाग पडलेला असतो तो वेगळाच!

म्हणून मैत्रिणींनो, आजचं पहिलं सूत्र हे, की सुटलेला भाग चिकटवायच्या आधी तो का सुटला ते बघायचं. गोंद हे शेवटचं औषध.

मुळात सुटतं का?

गाडीच्या आतला दिसणारा भाग, म्हणजे दाराची पॅडं, खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणं, छताचं कापड, दाराभोवतीचं रबर, हे सगळं पत्र्यावर चढवलेले कपडेच म्हणा ना. या कपड्यांना तीन प्रकारची बटणं असतात. पहिला प्रकार प्लॅस्टिकच्या क्लिपांचा. पत्र्यातल्या भोकात त्या दाबून बसवलेल्या असतात. आपल्या ब्लाउजच्या टिचबटणासारख्या. दुसरा स्क्रूचा आणि तिसरा गोंदाचा.

या तिघांचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. बाहेर ४० अंश असताना काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतली हवा ५५-६० अंशांवर सहज जाते. डॅशबोर्ड तर त्याहूनही तापतो. रात्री ते सगळं गार होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापतं. वर्षानुवर्षं हे चाललं की प्लॅस्टिकची क्लिप ठिसूळ होते आणि तिचे पाय मोडतात, गोंद सुकून त्याची खपली निघते. त्यात आपले खड्ड्यांचे रस्ते आणि दार धाडकन लावायची सवय! एक क्लिप मोडली, की तिचा भार शेजारच्या क्लिपेवर येतो. म्हणून एक कोपरा सुटला तेव्हाच लक्ष दिलं, तर काम एका क्लिपेत भागतं.

हत्यारं घरातलीच

लोखंडी स्क्रू ड्रायव्हर खुपसून पॅड उचकटलं, तर रंगावर ओरखडा आणि प्लॅस्टिकवर खड्डा ठरलेला. त्याऐवजी नॉनस्टिकचं लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचं जुनं उलथणं घ्या, टोकाला मऊ कापड गुंडाळा. बारीक फटीसाठी मुदत संपलेलं एटीएम कार्ड चालतं. शिवाय चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बॅटरी आणि स्क्रू ठेवायला दोन-तीन स्टीलच्या वाट्या. कुठला स्क्रू कुठल्या वाटीत, ते ठरवून ठेवा. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली, तर लांब स्क्रू भलतीकडे घुसतो. आणि हो, प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. परत बसवताना तोच आपला गुरू.

थंडीच्या सकाळी हे काम करू नका. गार प्लॅस्टिक पटकन मोडतं. गाडी अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवा, नाहीतर त्या जागी हेअर ड्रायरने जरा ऊब द्या. चावी काढून ठेवा आणि मुलांना लांब बसवा.

दाराचं पॅड

फक्त एक कोपरा सुटला असेल, तर आख्खं पॅड काढायची गरजच नाही. तो कोपरा हाताने जरा ओढून आत बॅटरी मारा. क्लिप शाबूत आहे, पण भोकातून निसटली आहे, असं दिसलं तर ती भोकाच्या नेमकी समोर आणा आणि तळहाताने एक दणका द्या. ‘टप्प’ असा आवाज आला की बसली. कित्येकदा काम इथेच संपतं.

क्लिप मोडलेली असेल, तर तिचे तुकडे पकडीने काढून घ्या. पत्र्याच्या भोकात अडकलेला पाय आत ढकलू नका. तो दाराच्या पोटात पडतो आणि मग आयुष्यभर खुळखुळतो. मोडकी क्लिप नमुना म्हणून सीट कव्हरच्या किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात न्या. गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. काही क्लिपांना मागे फोमची किंवा रबराची छोटी चकती असते. ती पाणी अडवते, म्हणून तशीच मागून घ्या. दोन-चार जास्तच आणा, क्लिप अगदीच स्वस्त असते.

पॅड पूर्ण काढायचं झालं, तर आधी लपलेले स्क्रू शोधा. ते बहुतेक तीन ठिकाणी सापडतात. आतून दार उघडायच्या खटक्यामागे, दार ओढायच्या मुठीच्या खोबणीत (वर छोटं प्लॅस्टिकचं झाकण असतं) आणि आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यापाशी. जोर लावूनही पॅड हलत नसेल, तर समजा की एखादा स्क्रू राहिलाय. जोर वाढवू नका, डोळे लावा.

काच हाताने फिरवायची जुनी गाडी असेल, तर ते फिरवायचं हँडल कसं काढायचं, हा प्रश्न येतो. मारुती ८०० च घ्या ना. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं ती बनत होती आणि गावाकडे अजूनही कुठे कुठे दिसते. अशा बऱ्याच गाड्यांच्या हँडलला बाहेरून स्क्रू नसतो. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची एक स्प्रिंगची तार त्याला धरून असते. त्यावर युक्ती अगदी घरगुती आहे. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि पॅड यांच्यामध्ये सरकवा आणि दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखी मागे-पुढे ओढा. कापडात अडकून ती तार टुणकन बाहेर येते. ती कुठे उडते, तेवढं लक्ष ठेवा. परत बसवताना तार आधी हँडलमध्ये घालायची आणि मग हँडल दांड्यावर दाबायचं.

आता खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. उलथणं क्लिपेच्या अगदी जवळ घालून हलकेच उचला. एक एक क्लिप सुटत जाईल. पॅडची वरची कड बऱ्याच गाड्यांत काचेच्या खाचेत अडकवलेली असते, म्हणून शेवटी पॅड वर उचलायचं. पण झटका देऊ नका! मागे स्पीकरच्या, काचेच्या बटणाच्या तारा असतात, दार उघडायची केबल असते. तारांचे जोड खटका दाबून सोडवायचे, तार धरून ओढायचं नाही.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा एक कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला दिसेल. ‘हे पॅकिंग राहिलंय वाटतं’ असं म्हणून तो फाडून टाकणारे महाभाग आहेत! हा कागद फार कामाचा. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते आत आपल्या पायाशी येऊ नये, म्हणून हा कागद असतो. तो सुटला असेल, तर तोच काळा गोंद बोटांनी दाबून पुन्हा चिकटवा. फाटला असेल तर जाड प्लॅस्टिकचा तुकडा लावा. आणि दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. पावसाळ्यात गाडीत कुबट वास येत असेल, तर त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

बसवताना उलट क्रम. तारा जोडा, काच आणि लॉक चालतंय का ते आधी बघा, वरची कड खाचेत अडकवा, प्रत्येक क्लिप भोकासमोर आहे ना याची खात्री करा, मग तळहाताने ठोका. स्क्रू सगळ्यात शेवटी.

रबराचं बीडिंग

दाराच्या चौकटीभोवतीचं रबर, ज्याला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, ते साडीच्या फॉलसारखं आहे. दिसायला साधं, पण सगळं सावरून धरणारं. खांबाच्या आवरणाची आणि छताच्या कापडाची कड पुष्कळ गाड्यांत याच रबराच्या ओठाखाली दाबलेली असते. म्हणजे कापड सुटलंय असं आपल्याला वाटतं, पण खरं सुटलेलं असतं ते बीडिंग!

ते चिकटवायचं नसतं. त्याच्या पोटात पत्र्याची लवचीक पट्टी असते आणि तिने ते चौकटीची कड चिमट्यासारखी धरून ठेवतं. सैल झालेला भाग काढा, चौकटीची कड ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, रबराचं तोंड पकडीने अगदी हलकं दाबून किंचित आवळा आणि वळणाच्या जागेपासून तळहाताने ठोकत बसवत जा. गोंद लावला, तर पाणी आत अडकून पत्रा गंजतो. नीट बसलं का, हे बघायला वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अडखळत आली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट आहे. रबरावर खोबरेल किंवा मशीनचं तेल मात्र चोळू नका. तेलाने रबर फुगतं, नाहीतर चिकट होऊन धूळ धरतं. करकर वाजत असेल तर थोडी टाल्कम पावडर पुरते.

छताचं कापड

छताचं कापड पत्र्याला चिकटवलेलं नसतं. आत एक साच्यातला पुठ्ठ्यासारखा बोर्ड असतो, त्यावर फोमचा पातळ थर आणि त्यावर कापड. विदर्भातलं ऊन असो की कोकणातला दमटपणा, दोन्हींनी हा फोम कुजतो आणि त्याची पिवळट भुकटी होते. मग कापड धरून ठेवायला काहीच उरत नाही. ते फुग्यासारखं लोंबतं आणि मागचा आरसा झाकायला लागतं, तेव्हा प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहत नाही.

कडेला वीतभर कापड सुटलं असेल, तर ते घरी होतं. नाकाला रुमाल बांधून जुन्या टूथब्रशने भुकटी झाडून टाका, बोर्डवर आणि कापडावर गोंदाचा पातळ हात द्या, थोडं सुकू द्या आणि मधून कडेकडे हात फिरवत दाबा. मध्यभागी मोठा फुगा आला असेल, तर मात्र कापडाला भोक पाडून गोंद सोडू नका. भुकटीवर गोंद धरत नाही आणि कापडावर डाग येतो. अशा वेळी बोर्ड उतरवून नवं कापड लावावं लागतं. हे काम कुशनवाल्याचं. पण त्याला दोन गोष्टी ठणकावून विचारा, “जुना फोम ब्रशने पूर्ण काढणार ना? आणि गोंद उष्णता सोसणारा आहे ना?” जुन्या फोमवरच नवं कापड चढवलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच रडगाणं.

गोंद कुठला?

आता येतो गोंदाचा मान. पांढरा फेविकॉल लाकडाला उत्तम, पण तो पाण्यातला गोंद, दमट हवेत मऊ पडतो. मुलांच्या हस्तकलेची ग्लू गन तर गाडीत नकोच, तिचा गोंद उन्हाने पुन्हा पातळ होतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद कडक आणि ठिसूळ बसतो. गाडी सतत थरथरते, त्यामुळे तो तडकतो. कापड, रेक्झिन, फोम यांना रबरी गोंद चांगला, जो चपलांना आणि सनमायकाला वापरतात. तो दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच दाबायचं. आपण घाई करतो आणि ओला असतानाच चिकटवतो, म्हणून तो धरत नाही. याचा वास उग्र आणि तो पेट घेणारा, तेव्हा चारही दारं उघडी ठेवा, जवळपास विस्तव, उदबत्ती काही नको.

प्लॅस्टिकचा तुकडा उलटा केला तर मागे बारीक अक्षरं दिसतात. ‘पीपी’ असेल तर ते पॉलिप्रॉपिलिन. आपल्या प्लॅस्टिकच्या डब्यांच्या जातीचं. त्यावर साधा कुठलाच गोंद नीट बसत नाही, तिथे क्लिप किंवा स्क्रूच हवा. ‘एबीएस’ असेल तर गोंद बसतो, पण हे प्लॅस्टिक नेलपॉलिश रिमूव्हरने विरघळतं. म्हणून डाग काढायला रिमूव्हर कधीही लावू नका. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप लावायची असेल, तर जागा आधी मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसा, टेप घट्ट दाबा आणि एक दिवस तिथे ताण देऊ नका.

खडखड कुठून येते?

सगळं घट्ट दिसतंय, तरी आवाज येतोच? आधी दारांचे कप्पे आणि डॅशबोर्डचा खण रिकामा करा. अर्ध्या खडखडीचं मूळ चिल्लर, डब्याचा चमचा आणि चिरंजिवांच्या खेळण्यांत असतं. मग दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला सांगून तुम्ही शेजारी बसा आणि एकेक भाग तळहाताने दाबा. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबतो, तो चोर. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासत असेल, तर मध्ये मखमली किंवा लोकरी कापडाची बारीक पट्टी चिकटवली की काम झालं.

सुटलेलं रबर काय सांगतं?

जुनी गाडी घ्यायला जाल, तेव्हा ही माहिती पैसे वाचवेल. २००५ चा मुंबईचा पूर, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर, अशा प्रत्येक वेळी असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला काढता येते. म्हणून दाराचं बीडिंग खालच्या बाजूला वीतभर काढून बघा. चौकटीच्या कडेत वाळलेला गाळ दिसतो का? सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ आहे का? कार्पेटचा कोपरा उचला, खाली गंज आहे का? क्लिपा गायब आणि पॅड ढिलं असेल, तर कुणीतरी ते उघडलं होतं. का उघडलं होतं, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

इथे थांबायचं!

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने शेजारच्या सीटसाठीही. काही गाड्यांत ती सीटच्या कडेला असते, काहींत दारांच्या वर छताच्या कडेने पडद्यासारखी घडी घालून ठेवलेली असते. अपघातात पापणी लवायच्या आत ती आवरण फाडून किंवा बाजूला सारून बाहेर येते. ज्या आवरणावर इंग्रजीत ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं आहेत, ते ढिलं झालं तरी त्याला हात लावायचा नाही. गोंद नाही, टेप नाही, स्क्रू नाही. तुम्ही ते पक्कं चिकटवलंत, तर ऐनवेळी एअरबॅग अडकेल, नाहीतर तुकडा उडून चेहऱ्यावर येईल. पिवळे जोड असलेल्या तारा दिसल्या तरी तिथेच थांबा. बाजूच्या एअरबॅगा असलेल्या काही गाड्यांत दारातच सेन्सर असतात, त्यांचं पॅड सर्व्हिस सेंटरलाच उघडू द्या.

याच कारणासाठी सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर तिला मोकळी जागा न ठेवणारं कव्हर घालू नका. आणि शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर गणपती चिकटवला असेल, तर बाप्पांना तिथून हलवा. खाली एअरबॅग आहे. ती उघडली, तर मूर्ती दगडासारखी आपल्या माणसावर येईल.

दुसरी जागा चालकाच्या पायाशी. स्टिअरिंगखालचं आवरण लोंबत असेल, तर ते नीट बसेपर्यंत गाडी काढू नका. पायाखालची मॅटही सरकणारी नको. २००९ मध्ये अमेरिकेत एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड मॅट घातलेली होती. अॅक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि एकाच कुटुंबातली चार माणसं गेली. त्यानंतर टोयोटाने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी मॅट आणि पेडलच्या दुरुस्तीची मोहीम जाहीर केली. एवढ्याशा मॅटमुळे! तेव्हा मॅट गाडीच्या मापाचीच घ्या, हुकात अडकवा आणि जुनीवर नवी अंथरू नका.

गाडी वॉरंटीत असेल, तर काहीही उघडण्याआधी ती शोरूमला दाखवा. तिथे फुकट होणाऱ्या कामासाठी आपण का राबायचं?

बाकी सगळ्यासाठी येता रविवार बरा. आधी गाडीभोवती एक फेरी मारा, काय काय सुटलंय त्याची यादी करा आणि सगळ्यात सोपा कोपरा पहिला घ्या. ‘टप्प’ असा तो पहिला आवाज आला ना, की पुढच्या वेळी गॅरेजवाला ‘पूर्ण पॅड बदलावं लागेल’ म्हणाला, तरी तुम्ही शांतपणे विचाराल, “का हो, क्लिप कुठली मोडलीये ते दाखवा बघू!”